रिकाम्या हातांनी अर्धा तास

भद्रावती
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आशास गुणवंतभाऊचा मायेचा जय भीम.

फोनवर तू 'बरी आहे' म्हणून मोकळी होतेस आणि तुला दम लागतो हे मागून नूतन सूनबाईकडून कळतं, म्हणून कागद घेतला. कागदावर खोटं लिहायला तुला जड जातं, हे मला शाळेपासून माहीत आहे.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितलं होतं. हृदयाची झडप गळते, पण गोळ्या वेळेवर घेतल्या आणि रोज अर्धा तास सपाट रस्त्याने, बोलता येईल एवढ्या चालीने चाललीस, तर ऑपरेशन लांबवता येईल. आई-बाबा गेल्यावर मला अरेतुरे करणारं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. चालतेस की नाही ते खरं लिही.

तुझा,
गुणवंतभाऊ

सावली
१० फेब्रुवारी २०२५

ती. भाऊस आशाचा सविनय जय भीम.

नूतन आणि लेकरं मजेत आहेत. चालण्यात एक दिवस खाडा नाही. नहराच्या पाळीने, म्हणजे कालव्याच्या बांधावरून जाते. जाताना छान वाटतं, येताना मात्र छाती धडधडते. परवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तिथेच बसले. नूतनला सांगितलं नाही. झडप आणखी बिघडली असेल आणि आता ऑपरेशनच करावं लागेल, या भीतीने झोप लागत नाही.

येताना काड्यांची मोळी घेऊन येते, म्हणजे वेळ वाया गेला असंही नाही.

रागावू नको. माया असू दे.

तुझी आशा

भद्रावती
१४ फेब्रुवारी २०२५

आशास,

ख्यालीखुशाली नंतर. पत्र मिळालं तशीच बस धरली आणि डॉक्टरांना वाचून दाखवलं. मोळीपाशी आल्यावर त्यांनी चष्माच काढला. ओझं उचलताना श्वास कोंडतो आणि झडपेवर ताण येतो, म्हणाले. चालणं औषध आहे, मोळी नाही. अंधारी आली म्हणजे थांबायचं आणि दाखवायला यायचं, लपवायचं नाही. सोमवारी तुला न्यायला येतो. तोवर घराबाहेर पाऊल टाकू नको.

आयुष्यभर ओझी वाहिलीस, आता काय पदक हवं आहे? मी घाबरलो आहे, म्हणून असं लिहितो.

गुणवंतभाऊ

सावली
१२ मार्च २०२५

ती. भाऊस आशाचा जय भीम.

झडप पूर्वीएवढीच गळते, जास्त नाही, हे तपासणीत कळलं तेव्हा तू डोळे पुसलेस. मी पाहिलं.

आता खरी गंमत ऐक. डॉक्टरांनी पुन्हा चालायला सांगितल्यावर रिकाम्या हातांनी निघाले तर गावाला वाटलं, सुनेशी भांडून घर सोडलं. काऊन वो बाई, कुठी चालली, असं दारादारातून विचारायचे. शेजारची कांता तर नूतनलाच चार शब्द सुनावून आली. मला लाज वाटायची, हात पदरात लपवायचे. दोनदा तर वाकून काडी उचलली आणि टाकली.

मग नूतन स्वतःच सोबत निघाली. विचारलं की ती सांगते, कुठीच नाई, चालून राह्यलो. आता कांताही येते आणि सगळा वेळ बोलते, त्यामुळे चाल आपोआप बेताची राहते.

काल अर्धा तास झाला, एकदाही दम लागला नाही. घरी कोणासाठी काही न आणता आले. तरी नूतनने पाट दिला, पाणी दिलं, बसा म्हणाली. भाऊ, मला रडू आलं.

तुझा राग आणि माया, दोन्ही माझ्यावर राहू दे.

तुझी आशा