ठेसनाचं तोंड गावाकडं

सावरखेडा,
ता. ७ डिसेंबर १९१२

लतीफाले रहीमचा सलाम.

मी बरा आहो. दारव्ह्याले तुझ्या माहेरी तुमी सर्वे खुशाल असाल. इकडं थंडी पडून राह्यली, कापूस यंदा बरा आहे.

हे पत्र तुले तुझे शफीकभाई वाचून दाखवतील, म्हणून आधी ठेसनाचंच लिहितो. रेल्वेच्या साहेबाच्या नकाशात नव्या ठेसनाचं तोंड कापसाच्या जिन-कारखान्याकडं होतं अन् गावाकडं पाठ. मी म्हणलं, "साहेब, मी साधा मिस्त्री, पण दार कुठं ठेवावं एवढं मले समजते. बाजाराकडं तोंड करा." कोळशानं फरशीवर आखूनच दाखवलं. अन् त्यानं मानलं बरं! आता गाडीतून उतरला माणूस सरळ बाजारात जाते. बंद पडलेली दुकानं उघडली. मुरमुरेवाली गोजराबाई तं एवढी मोठी झाली की मले ओळखही देत नाही.

लोक म्हणतात, रहीम मिस्त्रीनं गाव जिवंत केलं. हे सांगायले घरी कोणी नाही. घरच नाही म्हणा, मशिदीच्या ओसरीत पडून राहतो. तुले म्हणलो होतो, दोन महिन्यांत नवं घर बांधून नेतो. वर्ष झालं.

शफीकभाई, पुढलंबी वाचा. गाळू नका.

लतीफा, आपलं घर सरकारनं घेतलं हे मी खोटं सांगितलं. बाजाराची वाट आपल्या घरातून जात होती. साहेब म्हणे, वळसा घालू. मीच म्हणलं, वळसा कायले, घर माझंच आहे. तुले इचारलं नाही. इचारलं असतं तं तू नाही म्हणली असती, अन् मले माझी वाट वाकडी होऊ द्यायची नव्हती. असा हट्टी मूर्ख मी!

तुझी चूल होती तेवढा कोपरा वाटेतून सुटला. तिथं बायकांची बसायची खोली बांधली, जाळी लावून. कारंज्याच्या ठेसनावर बायकांले बसायले जागा नव्हती, तू बुरख्यात भर उन्हात उभी राह्यली होती, ते मी इसरलो नाही. आत बाया हसतात, पान खातात. मरदाले मनाई आहे, पाटी मीच ठोकली. मले तिथं पाय ठेवता येत नाही. लय एकटं वाटते, लतीफा.

येशील तं उतरल्यावर आधी तिथंच बस. जाळीतून जेवढ्या शिव्या द्यायच्या तेवढ्या दे. तू हाक मारशील तोवर मी बाहेर उभा राहीन. हाक नाही मारली तरी उभा राहीन.

तुझं घर ज्यानं मोडलं,
तो रहीम