डाव्या हातातून रक्त देऊ नकोस

प्रिय दादा,
धाकटीचा वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

डायलिसिस सुरू होण्याआधी रुग्णांना सगळं समजावून सांगायचं, हे माझं काम तुला माहीतच आहे. काल एक शिंपी आले होते. "मशीन लागलं म्हणजे संपलंच की," एवढंच म्हणत राहिले. मी बोलून थकले. शेवटी सहा वर्षं डायलिसिसवर असलेल्या एका आजोबांनी त्यांची बोटं आपल्या मनगटावर ठेवली. मशीनच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर तिथे थरथरत होती. शिंपी कितीतरी वेळ बोटं काढेनात. मग हळूच म्हणाले, "कात्री धरता येईल ना?" मी हो म्हटलं. डोळे पुसून त्यांनी ऑपरेशनची तारीख मागितली.

दादा, तुझे किडनीचे रिपोर्ट वहिनीने मला पाठवलेत. तिच्यावर चिडू नकोस. ती शीर तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात आणि तू "बघू पुढे" म्हणतोस! आतापासूनच डाव्या हातातून रक्त काढू देऊ नकोस; शीर त्याच हातात जोडतील, तिथल्या शिरा जपायला हव्यात.

मला रजा मिळाली आहे. सोमवारी येते. लहानपणी रडत असले तरी तू मला हाताला धरून शाळेत न्यायचास, तसंच तुला डॉक्टरांकडे नेणार आहे.

आजवर तुझं सगळं ऐकलेली,
तुझी धाकटी