पायरीखालच्या चपला

बाबा,

मागच्या आठवड्यात आई सौंदडहून तिरोड्याला माझ्या खोलीवर आली. मी तिला दारातच थांबवलं, चपला पायरीखाली काढायला लावल्या आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, पाय धुवायला लावले. आत माझं नवं पिल्लू होतं, अजून एकही लस न टोचलेलं. पार्वो, पिल्लांना मारणारा हगवणीचा रोग, चपलेच्या तळाला चिकटून घरात येतो, साध्या साबणाने जात नाही, मातीत महिनोन्महिने टिकतो, असं मी तिला सांगत होते. आई खाटेवर बसून ऐकत होती. मग पदराने पाय पुसत म्हणाली, "किती धुशीन वो बाई? तवाचा रोग बी तुया पायानं आला नव्हता."

"मग कशानं आला?"

"त्या पिल्लाले लस टोचलीच कुठं होती? नुसतं पानी होतं ते. लस मालकाच्या कुत्र्याले गेली."

तिला वाटलं होतं, तुम्ही जाण्याआधी मला कधीतरी सांगितलं असेल. तुम्ही सांगितलं नव्हतं.

लस आणली तो दिवस मला चांगला आठवतो, कारण तो माझा दिवस होता. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात परिचर. तिथे गाईबैलांच्या लसी येत, कुत्र्याची कुठून येणार? म्हणून तुम्ही मला रेल्वेने गोंदियाला नेलं आणि औषधाच्या दुकानातून माझ्या पिल्लासाठी एक लस घेतली. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात शिशी, आणि थर्मास माझ्या मांडीवर. "सांभाळून धर, त्यात तुया पिल्लाचा जीव आहे," तुम्ही म्हणालात. सौंदड येईपर्यंत मी खिडकीबाहेरसुद्धा पाहिलं नाही.

घरी येतो तर ओसरीवर मालक बसलेला. त्याची धानाची बांधी आपण ठेक्याने कसत होतो, त्यामुळे आपल्या ओसरीवर तो विचारून बसत नसे. मांडीवर त्याचं केसाळ पांढरं पिल्लू. म्हणाला, "आणली म्हनते लस. आमच्या लेकराचं होऊन जाऊ द्या मंग." तुम्ही म्हणालात, एकाच कुत्र्यापुरती आहे. तो हसला. "गावठ्याले कायची लस? ते त नालीतलं पानी पिऊन बी जगते." तुम्हीही हसलात. मला वाटलं, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून हसलात. मग मला आत पाठवलंत, आईला चहा ठेवायला सांग म्हणून.

बाबा, शाळेत जायच्या आधी मी तुमच्याजवळ शिकले. अक्षरं औषधांच्या खोक्यांवरची, आणि हात धुतल्याशिवाय अक्षराला बोट लावायचं नाही हा नियम. कोंबड्यांना मानमोडीची लस टोचायची असली की शिशीतल्या लशीच्या कोरड्या वडीत पाणी सोडून तुम्ही शिशी माझ्या हातात द्यायचात. "हालवू नको, फेस येते. तळहातात फिरव. हळू." ती वडी विरघळेपर्यंत मी श्वास रोखून फिरवत राहायची. घरातलं ते काम माझं होतं. त्या दिवशी मी बाहेर येते तेव्हा मालक निघून गेलेला आहे आणि तुमच्या हातात भरलेली सुई आहे.

"बाबा, मी फिरवते ना."

"झालं, बाई. धर पिल्लाले."

मला वाटलं, माझे हात स्वच्छ नसतील. मी ते फ्रॉकला पुसले आणि पिल्लाला धरलं. तुम्ही टोचलंत. दवाखान्यातून आणलेलं, सुईचं औषध कालवायचं नुसतं पाणी.

त्यानंतर मी त्याला सगळीकडे नेलं, तलावाच्या पाळीवर, बाजाराच्या मैदानात, इतर कुत्र्यांत. लस झालेली होती ना. तुम्ही मला जाताना पाहत होतात आणि अडवत नव्हतात. मग त्याने खाणं सोडलं, उलट्या केल्या, रक्ताची हगवण लागली, त्या वासाने आई चुलीपाशी बसेना. तुम्ही सलाईन लावलं, रजा टाकून त्याच्याजवळ बसलात, हे खरं आहे आणि ते मी खोडत नाही. पण ते मेल्यावर मी विचारलं, "लस तर दिली होती, मग काऊन?" आणि तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "चपला बाहेर काढत जा म्हनून सांगितलं होतं न तुले. कुठून कुठून फिरून येतेस."

त्या दिवसापासून मी पाय धुते आहे. होस्टेलमध्ये मुली हसायच्या. नोकरीच्या जागी लोक अजूनही हसतात, "मॅडम, फर्श घिस जाएगा" म्हणतात. आणि तुम्ही? न्हाणीत माझे पाय सोलून निघतात हे पाहून तुम्ही मला घासायला नारळाची मऊ शेंडी सोलून दिलीत. मी ती तुमची माया म्हणून कितीतरी वर्षं मनात ठेवली होती. एक वाक्य बोलला असतात तर शेंडी लागलीच नसती.

आई म्हणते, "मालकाले नाही म्हनता आलं नाही त्याहिले. बांधी काढून घेतली असती त खाल्लं काय असतं?" हे मला समजतं. खरंच समजतं. शिवाय एका लशीने भागत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा द्यावी लागते, म्हणजे ती मिळूनही कदाचित ते मेलं असतं. हे न लिहिणं बरोबर होणार नाही. पण मग मला सांगायचं होतंत की लस गेली. मी रडले असते, तुमच्याशी बोलले नसते, आणि पिल्लाला अंगणातच ठेवलं असतं. तुम्ही लस दुसऱ्याला दिलीत यापेक्षा दोष मला दिलात, हे मला गिळवत नाही.

काल नव्या पिल्लाला घेऊन इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी शिशीत पाणी सोडलं तशी मी हात पुढे केला. "मी फिरवू का?" त्यांना नवल वाटलं, पण दिली. वडी बाजूने सुटली, तुकडे झाले, पाणी स्वच्छ झालं. फेस आला नाही. मी त्यांना सुई भरताना पाहिलं, सुई आत जाताना पाहिलं, रिकामी शिशी परत हातात घेऊन पाहिली. त्यांनी पुढच्या लशीची तारीख सांगितली आणि तोवर ह्याला जमिनीवर सोडू नका म्हणाल्या. मी त्याला शालीत गुंडाळून घरी आणलं. दारात थांबले, चपला काढल्या, आणि बुडवल्या. रोग कोणी आणला हे कळलं तरी चपलेने तो येतो हे खोटं होत नाही. तुम्ही खोटं बोलतानाही खरंच शिकवलंत, आता ह्याचं मी काय करू?

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "इतकं छान फिरवता, कोणी शिकवलं?" तुमचं नाव अगदी ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "कोणी नाही, असंच."