पाय पसरण्याएवढी जागा

आये, काल माझ्या लेकीनं तिच्या बाळाला प्लास्टिकच्या टबात आंघोळ घातली आणि टॉवेलात गुंडाळता गुंडाळता मला विचारलं, "मला कोण घालायचं गं आंघोळ? आजी का?" मी म्हटलं, "आधी बाळाचे कान नीट पूस." तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एवढ्या साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून तुलाच लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, ते बरं की वाईट, हेही मला ठरवता येत नाही.

सांगवीच्या आपल्या घराची न्हाणी केवढी मोठी! मेंढरं होती तेव्हा आजारी मेंढरू आत घ्यावं लागायचं, म्हणून आज्यानं ती एवढी ऐसपैस बांधली, असं तू सांगायचीस. खरं-खोटं तुलाच ठाऊक. कोपऱ्यात चुलाणं, त्यावर हंडा, आणि मधे पाटावर तू. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय लांब पसरलेले आणि त्या पायांवर कुणाचं तरी बाळ पालथं. आळीत कुणी बाळंत झालं की तिची सासू बाळ दुपट्यात गुंडाळून आपल्याकडे आणायची, कारण तुझ्या न्हाणीत वारा लागत नाही. तू तेल रगडून, डाळीचं पीठ लावून, तांब्या तांब्या कढत पाणी घालून बाळ परत द्यायचीस, तेव्हा ते गाढ झोपलेलं असायचं. मिसरूड फुटलेली पोरं रस्त्यात दिसली की "ह्यो माझ्या हातचा हाय" म्हणून चारचौघांत सांगायचीस आणि ती लाजून पळायची. तुझ्या त्या तोऱ्याची मला फार गंमत वाटायची.

मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि बारामतीत, एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या फरशीच्या दुकानात चिकटले. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. शेठनी कुठून तरी एक प्रोग्रॅम आणला होता. खोलीची लांबी-रुंदी टाकली की पडद्यावर कोरी खोली उभी राहायची. तिच्यात कमोड, बेसिन, शॉवर ओढून ठेवायचे, भिंतींना रंग द्यायचा, की गिऱ्हाईक आपल्याच घरात उभं असल्यासारखं खूश. तो प्रोग्रॅम चालवता यायचा फक्त मला, त्यामुळे मी हवेतच होते. शेठ म्हणाले, एखादी खरी बसवलेली बाथरूम दाखवायला असती तर बरं झालं असतं. मी लगेच आपली न्हाणी देऊ केली, थोरल्या भावाला, दादाला पटवलं आणि तुला दुकानात आणून पडद्यासमोर बसवलं. निळ्या फरश्या, मधे भिंत घालून निम्म्या जागेत कमोड आणि उरलेल्या निम्म्यात शॉवर आणि खांबावरचं बेसिन. तू पदर सावरत वाकून पाहिलंस. "लय झ्याक दिसतंय," म्हणालीस. मग हळूच, "पर बाय, ह्यात पाय पसरून बसायचं कुठं?"

"आता बसून कोण आंघोळ करतं?"

"माझी न्हाय गं. लेकरांची."

शेठ ऐकत होते, आणि त्यांच्यासमोर मी फार शुद्ध बोलायची. "कॉम्प्युटरमध्ये तसं होत नाही, आई," मी म्हटलं. "न्हाय व्हत तर ऱ्हाऊ दे," तू म्हणालीस आणि चहा पिऊन एसटीनं घरी गेलीस.

चुलाणं फुटलं, गीझर आला, आणि मी गिऱ्हाइकांना घेऊन घरी यायला लागले. भवानीनगरहून कारखान्यातले एक साहेब बायकोला घेऊन आले. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि थेट तुला विचारलं, "आजी, खरं सांगा, सोय झाली का?" तू माझ्याकडे पाहिलंस. "व्हय तर. लय सोय झाली. माझ्या पोरीनं केलंय समदं." त्यांनी तिथंच काम पक्कं केलं. पुढं येईल त्याला तू तेच सांगत राहिलीस. आळीतली बाळं तोवर दुसऱ्या म्हातारीकडे जायला लागली होती, आणि मी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

मग माझं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला मी तुझ्याकडेच आले. किती दिवसांनी तुझ्या अंगात हुरूप आलेला. तू पाट टाकतेस, बेसिनच्या खांबाला अडून एक पाय पोटाशी घेतेस, दुसरा वाकडा करून भिंतीला टेकवतेस आणि म्हणतेस, "दे हिकडं." मी देते. तेलानं माखलेलं अंग, त्या वाकड्या पायावरून पोर घसरते. तू तिला वरच्यावर धरलंस, तिला काही म्हणजे काही झालं नाही. पण तू तिला लगेच माझ्याकडे परत दिलंस. "माझं हात म्हातारं झालं गं," म्हणालीस. "त्या म्हातारीला बोलीव." मी बोलावलं. ती पडवीत आडोसा करून माझ्या लेकीला न्हाऊ घालायची आणि तू आतून पाणी आणून द्यायचीस. त्यानंतर तू कुणाचंच तान्हं बाळ हातात घेतलं नाहीस. कुणी द्यायला लागलं तर हात पदराखाली घ्यायचीस.

तुझ्या हातांना काहीही झालं नव्हतं, आये. ते मला तिथल्या तिथं कळलं होतं, पण बोलले असते तर दोष माझ्यावर आला असता, म्हणून तू जाईपर्यंत तुला तसंच समजू दिलं. ह्याची मला लाज वाटते, रोज वाटते. हे पत्र मी लेकीला दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत ते कुठून यायचं? तरी एक सांगते. तू एसटीनं गेलीस त्याच दुपारी, शेठ जेवायला गेले असताना, मी पडद्यावर ते बेसिन उचलून दाराबाहेर ठेवून पाहिलं होतं. सहज गेलं. तुझे पाय सरळ मावतील एवढी जागा निघाली. पण चित्र मधेच मोकळं मोकळं दिसायला लागलं, गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं राहिलं नाही, म्हणून मी बेसिन परत आत घेतलं.