मागच्या भिंतीचे बाण

४ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची! बसने इतकी वळणं घेतली की आतडी पिळून निघाली, पण वर आल्यावर इमारत दिसली आणि सगळा शीण गेला. माझी इमारत! बंद पडलेलं वसतिगृह, चार मजले, अठ्ठेचाळीस खोल्या, डोंगराला पाठ टेकून बसलेलं. पाडायचीच आहे, मान्य. पण माझं पहिलं स्वतंत्र काम आहे, त्यामुळे मला ती देखणीच दिसणार.

मामा फाटकापर्यंत सोडायला आला होता. आई गेल्यापासून त्यानेच मला वाढवलं, शिकवलं, स्वतःच्या धंद्यात घेतलं. धंदा पाडकामाचा. बांधणारे पैशाला पासरी मिळतात, नीट पाडणारा लाखात एक, असं तो म्हणतो, आणि तो लाखातला एक कोण हे विचारायची सोय नसते. निघताना डोळे पुसत होता. मी म्हटलं, सासरी पाठवतोयस का रे? हसला नाही. राखणदाराला सांगितलं की ही मला लेकीसारखी आहे, हिला जप.

मामाचा एक नियम आहे. आराखडा काढणाऱ्याने काढून होईपर्यंत त्याच इमारतीत राहायचं. चार दिवस तिच्याकडे पाहुणचार घ्यावा आणि मग हातोडा घालावा. म्हणून तळमजल्यावरची अधीक्षकांची खोली मला मिळालीय. लोखंडी खाट, तीन पायांवर उभं राहणारं चार पायांचं टेबल, गज लावलेली खिडकी. नळाला पाणी आहे. फोन मात्र फाटकाशी उभं राहिल्याशिवाय लागत नाही.

राखणदार म्हातारा आहे. दिवसभर खुर्चीत बसून चहा मागवतो, म्हणून मी त्याचं नाव जावई ठेवलंय. त्याला आवडलं.

५ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर जमीन पाहिली. डोंगर कसला, विटांचा भुगा नुसता! मूठभर माती उचलली तर बोटांतून निसटते. झाडं कधीच तोडलीत, त्यामुळे प्रत्येक पावसात पाणी उतारावर नवी घळ पाडतं आणि माती घेऊन खाली येतं. ती सगळी इमारतीच्या पाठीशी साचलीय. मागच्या बाजूला पहिल्या मजल्याच्या खिडक्यासुद्धा गाडल्या गेल्यात.

म्हणजे प्रकार असा, की डोंगराने इमारतीला धरलेलं नाही, इमारतीने डोंगराला धरलंय. मागची भिंत काढली तर सगळा डोंगर आत येईल. म्हणून क्रम ठरला: आधी वरचं पाणी चर खणून वळवायचं, मग वरचे मजले हाताने उतरवायचे, मागच्या भिंतीला धिरे, म्हणजे टेकू, द्यायचे आणि तिला हात लावायचा सगळ्यात शेवटी. हे मामानेच घोकून घेतलंय माझ्याकडून.

फाटकाशी जाऊन त्याला फोनवर सगळं सांगितलं. शाबास म्हणाला. पण त्याचं लक्ष नव्हतं. रात्री झोप लागते का, कोणी हाक मारल्यासारखं वाटतं का, असलंच विचारत होता. म्हातारा झालाय, दुसरं काय.

६ ऑक्टोबर, बुधवार

आज दुसऱ्या मजल्यावर भिंतीवर एक बाण दिसला. लाल खडूचा.

बाण ही आमची पद्धत. अर्धवट पाडलेल्या इमारतीत भल्याभल्यांना दिशा कळत नाही, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आमची माणसं बाहेरच्या वाटेचे बाण काढून ठेवतात. पण या बाणाच्या शेपटीला तीन पिसं होती. पिसं फक्त दादा काढायचा.

दादा म्हणजे मामाचा मुलगा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. सायकल त्याने शिकवली, माप घ्यायला त्याने शिकवलं, मामाच्या माराच्या वेळी मध्ये तोच पडायचा. पाच वर्षांपूर्वी बापाशी भांडून परदेशात नोकरीला गेला तो गेलाच. मला चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. इतकी रुसलेय मी त्याच्यावर, की भेटला तर आधी एक थोबाडीत देईन आणि मग गळ्यात पडून रडेन.

पण मामा म्हणाला होता, या इमारतीत आपलं कोणी याआधी आलेलं नाही. मग हा बाण? फोन करून विचारलं. तो म्हणाला, पिसं काय, कुणीही काढेल. आणि फोन ठेवला.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

काल तळमजल्याच्या मार्गिकेत मापं घेतली आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवली. आज सकाळी माझ्या अक्षरावरून एक बाण काढलेला होता. तीन पिसांचा. खडूची भुकटी अजून फरशीवर होती, बोटाला लागली.

म्हणजे काल दुपारनंतर कोणीतरी काढला.

आणखी एक. तो दाराकडे नाही. तो मागे दाखवतोय, डोंगराकडे. दादा असली चूक कधीच करणार नाही.

जावईबुवांना विचारलं. आत कोणी आलं नाही म्हणाले. मग माझ्याकडे बघायचंच टाळलं.

९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी राखणदारासमोर ठाण मांडून बसले. म्हटलं, खरं सांगितल्याशिवाय उठणार नाही. शेवटी बोलला.

दादा परदेशात गेलेला नाही. पाच वर्षांपूर्वी तो इथेच आला होता, याच इमारतीचा आराखडा काढायला. याच खाटेवर झोपायचा. मार्गिकेच्या टोकाला एक कोठीची खोली आहे, तिची मागची भिंत फुटली आणि माती आत आली. दादा आत होता. मामाने दुसऱ्याच दिवशी खोलीचं दार विटांनी बुजवून टाकलं. ना पोलीस, ना पंचनामा. काम बंद केलं आणि निघून गेला.

पाच वर्षं! पाच वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून जेवतोय, आणि पोरगा विसरला गं आपल्याला म्हणून सुस्कारे टाकतोय. आणि मी मेल्या माणसावर रुसून बसले होते. परक्याने फसवलं तर कळतं. आपल्याच माणसाने केसाने गळा कापला!

रडून झाल्यावर राखणदाराने आणखी सांगितलं. मामा दर महिन्याला येतो आणि त्या बुजवलेल्या दारापाशी बसून बोलत राहतो. मागच्या महिन्यात भिंतीला सांगून गेला की पोरगी येणार आहे.

आणि म्हणाला, हा डोंगर गिळलेलं माणूस मारत नाही, ठेवतो. त्याच्या तरुणपणी इथे एक गवंडी गाडला गेला होता. तीन वर्षांनी चालत बाहेर आला, केसांत माती, बाकी धडधाकट. मी विचारलं, त्याला काढलं कुणी? त्याची बायको आत गेली होती म्हणाला. मग म्हणाला, चहा निवतोय.

वेडा आहे म्हातारा. पण बाण ताजे आहेत.

११ ऑक्टोबर, सोमवार

मामा आला. मी भांडले, त्याच्या अंगावर वही फेकली. तो शांत होता. म्हणाला, राखणदार पितो, त्याचं काय मनावर घेतेस. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की दादा परदेशात सुखात आहे.

मी म्हटलं, ते विटांचं दार उघडून दाखव. म्हणाला, त्याला हात लावू नकोस. तीनदा म्हणाला. मग घाईघाईने निघून गेला. पिशवी इथेच विसरला. मामा आणि वस्तू विसरला! एकेका खिळ्याचासुद्धा हिशेब लागतो त्याला.

मार्गिकेत आता नऊ बाण आहेत. सगळे मागे.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

पिशवी उघडली. उघडायला नको होती, पण उघडली.

आत पाडकामाचा आराखडा. मंजूर झालेला, शिक्के मारलेला. वर माझं नाव. खाली माझी सही, मी न केलेली. तारीख मी इथे येण्याच्या आठवडाभर आधीची. मग मला इथे पाठवलं कशाला? मी इतके दिवस कोणतं काम करतेय?

आणि क्रम! सगळ्यात आधी मागची भिंत. यंत्राने. चौदा तारखेला, सकाळी दहाला. वेडा झालाय का हा? सगळा डोंगर आत येईल.

शेवटच्या रकान्यात आत शिल्लक माणसं किती ते लिहायचं असतं. तिथे कायम शून्य लिहितात, शून्य नसेल तर मंजुरीच मिळत नाही. तिथे मामाच्या अक्षरात एक लिहून नंतर खोडून शून्य केलंय.

म्हणजे त्याला माहीत आहे. दादा आत आहे हे माहीत असून हा त्याच्यावर डोंगर पाडणार. पुरावा राहायला नको म्हणून. पोटच्या पोरावर!

मी होऊ देणार नाही. दादाला मी बाहेर काढणार.

१३ ऑक्टोबर, बुधवार. दुपार

फाटकाला बाहेरून कुलूप. राखणदार नाही, खुर्ची पण नाही. गजांतून हात बाहेर काढून फोन धरला — लागला नाही.

मार्गिकेत बाण दर दोन पावलांवर. विटांच्या दारावर सात-आठ, एकात एक.

दार ठोठावलं. आतून तीन टकटकी आल्या. पुन्हा ठोठावलं. पुन्हा तीन.

दादा, मी आले रे. पहार आणते.

— विटा हाताने निघताहेत. सिमेंट नाहीच, नुसती ओली माती लावलीय. पाच वर्षांचं बांधकाम असं नसतं. हे कुणीतरी काल-परवा रचलंय. काढायला सोपं जावं असं —

नंतर विचार करीन.

१४ ऑक्टोबर. सकाळ

विटांमागची माती रात्रभर उपसून आत आले. भोकातून उजेड येतोय तेवढ्यात लिहितेय.

दादा आहे. खरंच आहे. मातीच्या ढिगाला टेकून बसला होता, हातात लाल खडू. केसांत माती. एक दिवसानेही मोठा झालेला नाही. आता मीच त्याच्याहून मोठी दिसते.

थोबाडीत मारणार होते. हातच उचलला गेला नाही. गळ्यात पडले. अंग गार, ओल्या फरशीसारखं.

चल म्हटलं, दहाला यंत्र येईल. तो उठला. माझ्या डोळ्यांत बघेना. बाण मागे का काढलेस रे, विचारलं, बाहेरचे काढायचे असतात ना. म्हणाला, रात्री इमारतीपुरतं फिरता येतं, बाबांनी सांगितलं तसेच काढले. मग म्हणाला, माफ कर.

आणि माझ्या बाजूने निघून गेला — भोकातून — मागे न बघता

मी त्याच्या मागोमाग निघाले. पाय उचलेना. माती घोट्यापर्यंत आलीय. आत्ता तर नव्हती

—

गवंड्याची बायको. तिचं पुढे काय झालं, मी विचारलंच नाही.

—

गुडघ्यापर्यंत.

पिशवी विसरला नव्हता तो. तीनदा म्हणाला, हात लावू नकोस. मला ओळखतो. नको म्हटलं की मी करतेच, लहानपणापासून

रकान्यातला तो एक दादा नव्हताच. तो एक म्हणजे

—

कोणीतरी बाहेरून विटा लावतंय. एक एक. हात कोणाचे ते दिसताहेत, मला माहीत आहेत ते हात, याच हातांनी माझी वेणी

मामा, मी आत आहे. मामा मी आहे रे

ऐकू जातंय त्याला. थांबला होता. परत लावायला लागला.

लेकीसारखी म्हणायचा. सारखी.

—

शेवटच्या विटेएवढा उजेड. बाहेर मामा हुंदके देतोय, हसतोय, दादाच्या केसांतली माती झटकतोय. यंत्र सुरू झालं. त्या आवाजातून विचारतोय त्याला, जेवलास का, बाळा, काही खाल्लंस का, आणि दादा म्हणतोय की आधी तिला