साच्याखालची खूण

बुधवार, ९ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण इथली फरशी फार गार आहे, तेव्हा बसल्या जागेवरूनच मानून घे.

मी ठीक आहे. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. कागदावर लिहून फोटो पाठवतेय याचं नवल वाटेल, पण फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस आणि माझं सांगायचं राहून जातं.

ज्यांच्याकडे राहते ते दोघंच आहेत. मी त्यांना काका-काकू म्हणते. मराठीत काकू म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तर त्यांना इतकं आवडलं की शेजारणीलाही सांगून आल्या. माझी खोली म्हणजे त्यांची शिवणाची खोली. पलंगाला खेटून मशीन, त्यामुळे कूस बदलली की कोपर चाकावर आपटतं. काकूंच्या सुईत दोरा ओवण्याचं काम इतकी वर्षं काकांचं होतं. हल्ली काकू सुई माझ्याकडे देतात. काका समोर नसताना.

मी शिकाऊ म्हणून आलेय त्याच कार्यशाळेत काका चौतीस वर्षं कृत्रिम पायांचे साचे करताहेत. कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाचं माप प्लास्टरमध्ये घ्यायचं, त्याचा साचा घडवायचा, आणि त्या साच्यावर पायाची वाटी तयार करायची. तुझा पाय ज्या वाटीत बसतो ना, तशी. हाड कातडीला लागून असेल तिथे साच्यावर प्लास्टर वाढवायचं, म्हणजे वाटीत तेवढी जागा सुटते. मांस भार सोसू शकतं तिथे कानशीने घासायचं. मग साच्यावरून अंगठा फिरवायचा. काकांचा अंगठा फिरला आणि तळाशी पेन्सिलने त्यांची खूण आली, की त्या साच्याबद्दल कुणी ब्र काढत नाही.

आज कामावर जरा गडबड झाली. विशेष काही नाही.

एक विचारायचं होतं. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला जखम झाली तर किती दिवसांत भरते रे? तुला झाली होती का कधी? सहज विचारतेय, अभ्यासासाठी.

आईला पत्र वाचून दाखव, हा शेवटचा प्रश्न सोडून.

तुझी,
डावरी


शुक्रवार, ११ एप्रिल

दादा,

तुझं एका ओळीचं उत्तर मिळालं. ‘काय लपवतेयस?’ इतक्या लांबूनही सुटका नाही माझी. हे पत्र आईला दाखवू नकोस.

मी आले त्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. काकू भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्यांच्या बोटांना मुंग्या येतात. साखरेमुळे. कपाची कडसुद्धा नीट कळत नाही. तिथे कुणाला सांगू नकोस, पण तुझं लक्ष असू दे.” मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? आल्या आल्या मी आजारी पडले तेव्हा उशाशी बसलेली बाई ती.

मग मी लक्ष ठेवायला लागले. एका साच्यावर कानस खोल गेली होती. चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की मी तिथे प्लास्टर भरून सारखं केलं. दुसऱ्या खेपेला हाडाच्या जागी वाढवायचं राहून गेलं होतं, तेही केलं. दोन्ही वेळा काकांची चूक होती, माझं बरोबर होतं. खरं सांगते, मला अभिमान वाटला. दोन महिन्यांची शिकाऊ पोर चौतीस वर्षांच्या कारागिराला सांभाळून घेतेय. शिंगंच फुटली होती मला.

तिसरा साचा टपाल वाटणाऱ्या बाईंचा. दिवसभर पायी फिरतात त्या. साच्यावर बाहेरच्या बाजूला एक उंचवटा होता, नेहमीपेक्षा जाड. मला वाटलं, पुन्हा बोटांनी दगा दिला. मी तो घासून बेताचा केला. काकांनी तळाशी खूण केली, वाटी तयार झाली, बाई नवा पाय लावून गेल्या.

बुधवारी त्या परत आल्या, दोघांचा आधार घेऊन. जखम उघडी, आत पू. त्यांचं हाड त्या जागी जरा वाढलेलं होतं. कातडीवरून दिसत नव्हतं, पण काकांना माप घेताना बाईंना विचारूनच कळलं होतं, म्हणून तो उंचवटा मुद्दाम ठेवला होता. जखम चिघळली तर थोडा पाय आणखी कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्या प्रमुखबाईंनी साचा मागवला. उलटा करून खूण पाहिली. “याला आणखी कुणी हात लावला होता?” त्यांनी सगळ्यांना विचारलं. काका म्हणाले, “खूण माझी आहे.”

आणि मी कानस पुसत उभी राहिले. दादा, कानस स्वच्छच होती.

सोमवारी बैठक आहे. काकांना कामावरून काढतील असं सगळे म्हणतात. मी बोलले नाही तर माझ्या चुकीपायी त्यांची चौतीस वर्षं जातात. बोलले तर ‘तू मुळात हात का लावलास’ असं विचारतील, आणि मग ते दोन साचे, ती बोटं, सगळंच बाहेर येईल. काकूंना शब्द दिला होता. वर माझं प्रमाणपत्रही जाईल ते वेगळं. त्याची भीती वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटते. खूप वाटते.

आणि जेवताना काका अजूनही आधी माझ्या ताटात वाढतात.

डावरी


गुरुवार, १७ एप्रिल

दादा,

रविवारी सकाळी मी काकांना सांगितलं. काकू बाजारात गेल्या होत्या. वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण पहिल्या शब्दालाच रडू फुटलं.

ते टोस्टला लोणी लावत होते. सुरी खाली ठेवून म्हणाले, “मला ठाऊक आहे. बाकी सगळे उजव्या हाताने घासतात. तुझ्या रेघा उलट्या झुकतात.”

“म्हणजे आधीचे दोनही?”

“आधीचे दोनही. तू बरोबर केलं होतंस. म्हणून तिसऱ्यावर मी अंगठा न फिरवताच खूण केली. तू पाहिलं असशील म्हटलं.” मग त्यांनी लोण्यावर झाकण ठेवलं. “तू मला विचारलं नाहीस, मी तुला सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये ती बाई सापडली.”

सोमवारी ते आधी बोलले आणि मग मी. बोटांचंही त्यांनी स्वतःच सांगितलं, मी नाही. प्रमुखबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सगळं लिहून घेतलं. काका आता एकट्याने साचा करणार नाहीत, नव्या लोकांना शिकवतील. मला उरलेले दोन महिने कानशीला हात लावायला बंदी. कॉलेजला पत्र जाणार. प्रमाणपत्राचं काय ते कॉलेज ठरवेल.

काकू माझ्याशी बोलेनात. ताट वाढायच्या, पाणी द्यायच्या, तेवढंच. काल संध्याकाळी शिवणाला बसल्या. मग सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला. काका समोरच बसले होते. त्यांनी पाहिलं, काकूंनी पाहू दिलं. चौथ्या खेपेला दोरा ओवला गेला.

आज टपालवाल्या बाईंना भेटायला दवाखान्यात गेले. पाय कापावा लागणार नाही, जखम भरतेय. मी सांगितलं, चूक माझी होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत, आणि का म्हणावं? मी विचारलं, पहिल्याच दिवशी दुखलं तेव्हा का आला नाहीत? म्हणाल्या, “घरात सगळे विचारायचे, मी ठीक आहे म्हणायची. सगळे इतके खूश होते नव्या पायावर.”

तिथून बाहेर पडले आणि पायरीवर बसून राहिले.

दादा, तुला पहिला पाय बसवला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई रोज विचारायची आणि तू ठीक आहे म्हणायचास. मोरीतल्या बादलीत तुझा मोजा भिजत होता आणि पाणी लाल झालं होतं, ते मी पाहिलं होतं. पाणी ओतून टाकलं, मोजा धुतला आणि कुणाजवळही बोलले नाही. मला वाटलं, मी तुला सांभाळून घेतेय. ही विद्या मी शिकले ती साच्यांमुळे नाही, त्या बादलीमुळे. आणि शिकून काय केलं, तर पुन्हा तेच.

आठ दिवसांपूर्वी मी तुला जखमेबद्दल विचारलं होतं. ‘काय लपवतेयस’ असं उलट विचारून तू उत्तर टाळलंस. लक्षात आलं नाही असं समजू नकोस.

जुलैत घरी येतेय, प्रमाणपत्र घेऊन किंवा न घेता. आल्या दिवशी तुझा पाय उतरवून बघणार आहे. तोवर कुठे टोचतं ते लिही. ‘ठीक आहे’ लिहिलंस तर मी ते वाचणार नाही.

वाट पाहतेय,
बादली ओतणारी तुझी बहीण