वाहत्या नळीला डाख

३ फेब्रुवारी

हिच्या लिव्हरमध्ये गाठच आहे. बोराएवढी. एकच आहे, वेळेवर सापडली, पोट फाडायची गरज नाही, जागच्या जागी मारता येईल, डॉक्टर म्हणाले. मारायचे प्रकार दोन — आत सुई घालून भाजायची, नाहीतर बाहेरून किरणं सोडायची. "दोन्हीकडच्या डॉक्टरांना भेटा, मग ठरवा."

बाहेर आल्यावर हिचं पहिलं वाक्य: "आपण गॅसवर दूध ठेवून आलो नाही ना?"

४ फेब्रुवारी

भाजायची! यात ठरवायचं काय? तेराव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात रेडिएटर धुवायला लागलो, आज दुकान माझं. जे काही आहे ते डाखाच्या ज्योतीवर कमावलंय. हिला सांगून टाकलं, सुईच.

"मी काय रेडिएटर आहे?" — ही.

६ फेब्रुवारी

सुईवाल्या डॉक्टरीणबाई. तरुण. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. भूल देणार, सुई आत, दहा मिनिटं तापवणार, संपलं! दुसऱ्याच दिवशी स्कॅन, मेली की नाही ते लगेच दिसतं. मी खूश.

पण सवय जात नाही. माल घेताना दुकानदाराला त्याच्या मालाबद्दल विचारायचंच नाही. समोरच्या दुकानातल्या मालाबद्दल विचारायचं. किती नावं ठेवतो त्यावरून माणूस कळतो. विचारलं, "किरणं कशी असतात हो?"

"चांगली. यांच्या बाबतीत कदाचित माझ्यापेक्षा बरी."

मी गार!

मग पडद्यावर दाखवलं. गाठीला खेटून मोठी रक्तवाहिनी. वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं, त्यामुळे त्या बाजूची कड कच्ची राहू शकते.

हात्तिच्या! नळीत पाणी चालू असताना डाख बसतो का कधी? ज्योत मारून मारून हात दुखतील, जोड धरायचा नाही. म्हटलं, "मग तेवढा वेळ कॉक बंद करा की!"

बाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावली. "करतात काही ठिकाणी. यांना झेपेल असं मला नाही वाटत. पण कड राहिलीच, तर पुन्हा सुई घालता येते."

ही पर्स मांडीवर घेऊन बसलेली.

७ फेब्रुवारी

थोरलीचा फोन. "बाबा, तुम्ही डॉक्टरांना नळकाम शिकवून आलात म्हणे?" मागे ही खुसुखुसु हसत होती. हसते आहे ना — बास.

१० फेब्रुवारी

किरणवाले डॉक्टर. आवाज इतका हळू की मलासुद्धा पुढे वाकावं लागलं. पाच खेपा. सुई नाही, भूल नाही, नुसतं टेबलावर पडून राहायचं. थकवा येईल. रक्त वाहो नाहीतर थांबो, किरणांना फरक पडत नाही.

यांनाही समोरच्या दुकानाचं विचारलं. म्हणाले, "सुईचं एक सुख आहे, निकाल लगेच. आमच्याकडे गाठीभोवतीचा भाग सुजतो, स्कॅनमध्ये गोंधळ दिसतो. खात्रीनं सांगायला चार महिने तरी जातात."

तेव्हा ही पहिल्यांदा बोलली. "चार महिने काहीच कळायचं नाही?"

"नक्की असं नाही."

"बरं."

११ फेब्रुवारी

ठरलं — किरणं! आयुष्यभर ज्योत हातात धरलेला माणूस मी, आणि ज्योतीच्या विरुद्ध कौल दिला. याला म्हणतात अक्कल. आणि काय माणसं! दोघांनीही एकमेकांच्या मालाला नावं ठेवली नाहीत. आमच्या बाजारात आठवडाभर टिकली नसती.

हिला सगळं समजावून सांगितलं. "तुम्हाला पटलं ना? झालं तर मग." म्हणजे हो.

१३ फेब्रुवारी

ट्रकचे दोन रेडिएटर उतरवले, जोडले, तपासले. एक थेंब गळेल तर शपथ. हात अजून शाबूत आहे! दिवसभर शीळ घालत होतो.

दुपारी हिला दोनदा फोन केला. "झोपले होते हो! उठवलंत." बरी झोपली होती? की थकवा? विचारून घेतलं. थकवा नाही.

१४ फेब्रुवारी

जिना चढताना मधे थांबली. का? "चपलेचा अंगठा." बघितला. खरंच तुटला होता.

१७ फेब्रुवारी

भाजी आणते म्हणून गेली आणि दवाखान्यात सही करून आली. सुईवर! गुरुवारी, सकाळी सातला.

मी नळी, रक्त, कच्ची कड, सगळं पहिल्यापासून सांगितलं. आवाजही चढला माझा. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कड राहिली तर पुन्हा भाजतील. पण चार महिने तुम्ही माझ्या श्वासाला कान लावून बसणार. ते मला नाही सोसायचं हो."